बंधनकारक दिवस : रविवारची मिस्सा आणि जुम्याची नमाज

15 ऑगस्ट 2025 रोजी शुक्रवार होता. सकाळी शाळाशाळांत झेंडावंदन झाले, दुपारी मशिदींत जुमा झाला. त्याच दिवशी वसईपासून सावंतवाडी-गोव्यापर्यंतच्या कॅथलिक चर्चमध्ये मिस्साही झाली. ही मिस्सा दर 15 ऑगस्टला होते, पण स्वातंत्र्यदिनासाठी नव्हे. त्या दिवशी मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण असतो आणि भारतातल्या कॅथलिकांसाठी तो बंधनकारक सण आहे. म्हणजे आजारी, अडचणीत असलेला सोडला तर प्रत्येक कॅथलिकाने त्या दिवशी मिस्सेला गेलेच पाहिजे. हा सण आपल्या स्वातंत्र्याहून कितीतरी जुना आहे. 1947 साली राष्ट्राचा दिवस त्याच तारखेवर आला, एवढेच. आज अनेक चर्चच्या अंगणात मिस्सा आटोपली की तिथेच तिरंगा फडकतो.

आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक असेल? मुसलमानांविषयी लोकांना काही ठाऊक नसते अशी तक्रार आपण नेहमी करतो, आणि ती खोटी नाही. पण शेजारच्या ख्रिस्ती माणसाविषयी आपल्याला काय ठाऊक असते? नाताळचा केक आणि गुड फ्रायडेची सुट्टी. आमच्या सांगली-मिरज भागात तर 'ख्रिश्चन' म्हटले की सगळे एकच. मिरजेत मिशन हॉस्पिटलच्या आधाराने वाढलेला समाज मुख्यतः प्रोटेस्टंट आहे. रोमच्या पोपशी बांधलेला कॅथलिक समाज वेगळा, आणि ज्या बंधनाविषयी मी लिहिते आहे ते कॅथलिकांचे आहे, हा फरक फारसा कुणी करत नाही. हनफी, शाफई, शिया, बोहरा असे सगळे एका पोत्यात घातले की आपल्याला राग येतो. मग दुसऱ्यांनाही तो येत असणार.

नियम काय आहे?

कॅथलिक धर्मसभेचा कायदा आज 1983 च्या संहितेप्रमाणे चालतो. त्यात पहिले बंधन रविवारचे. वर्षातले सगळे रविवार बंधनकारक. येशू ख्रिस्त रविवारी पुनरुत्थित झाला ही त्यांची श्रद्धा, म्हणून हा मूळ सण मानला आहे. त्याखेरीज संहितेने दहा सण सांगितले आहेत. त्यांत नाताळ, 1 जानेवारीचा मरियामातेचा सण, 15 ऑगस्ट, 1 नोव्हेंबरचा सर्व संतांचा सण, 8 डिसेंबरचा मरियेच्या निष्कलंक गर्भधारणेचा सण वगैरे येतात. पण प्रत्येक देशातल्या बिशपांच्या परिषदेला रोमची मंजुरी घेऊन यातले काही सण कमी करता येतात किंवा रविवारवर ढकलता येतात. भारतात रविवारशिवाय दोनच शिल्लक राहिले : नाताळ आणि 15 ऑगस्ट.

इथे वाचक विचारतील, आणि गुड फ्रायडे? गुड फ्रायडे बंधनकारक सणांच्या यादीत नाही. त्या दिवशी जगात कुठेही मिस्साच होत नाही. दुपारी येशूच्या दुःखसहनाची उपासना होते, त्या दिवशी उपवास आणि मांस वर्ज्य करणे हे मात्र बंधनकारक आहे. चर्च माणसांनी भरून वाहते, पण 'आलेच पाहिजे' असा नियम नाही. ईस्टर नेहमी रविवारीच येतो, त्यामुळे तो रविवारच्या बंधनात आपोआप येतो.

बंधन कुणावर? बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकावर, तेही सात वर्षे पूर्ण होऊन समज आल्यावर. कॉन्व्हेंट शाळेत शिकणाऱ्या हिंदू-मुस्लिम मुलांवर हे बंधन नाही. आपल्या संविधानाचे कलम 28(3) तर सांगतेच की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेतल्या कुणालाही त्याच्या, आणि मूल अज्ञान असेल तर पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक उपासनेत सामील करता येत नाही. धर्माचा नियम आणि देशाचा कायदा इथे एकाच बाजूला उभे आहेत.

बंधन कसे पुरे होते? त्या दिवशी, किंवा आदल्या संध्याकाळी, कुठल्याही कॅथलिक परंपरेच्या मिस्सेला हजर राहून. म्हणून शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची धरली जाते. शहरातल्या कामकरी माणसाला याचा मोठा आधार आहे. आपल्याला हे समजायला अजिबात जड जाऊ नये. आपला दिवस मगरिबला सुरू होतो. गुरुवारची रात्र ही जुम्याची रात्र असते. पहिला रोजा धरण्याच्या आदल्या रात्री तरावीह सुरू होते. आणि 'कुठल्याही कॅथलिक परंपरेच्या' याचा अर्थ असा की वसईचा लॅटिन परंपरेतला कॅथलिक कल्याणला केरळी लोकांच्या सिरो-मलबार चर्चमध्ये गेला तरी चालते. रत्नागिरीचा शाफई माणूस कराडला आला की हनफी इमामामागे नमाज पढतोच की.

आणि सूट कुणाला? आजारी माणसाला, तान्ह्या मुलांना सांभाळणाऱ्याला, जिथे धर्मगुरूच पोचत नाही तिथल्या लोकांना. योग्य कारण असेल तर धर्मग्रामाचा प्रमुख धर्मगुरूही मोकळीक देऊ शकतो. कारण नसताना मुद्दाम चुकवणे मात्र गंभीर पाप मानले आहे.

आपल्या घरातला हिशेब

हे वाचताना जुमा आठवला नाही असा मुसलमान विरळा. अजान झाली की खरेदी-विक्री सोडून या, आणि नमाज संपली की पुन्हा पांगा, रोजी शोधा, असा कुराणातल्या सूरह जुमाचा आशय आहे. आजारी, मुसाफिर, लहान मूल, स्त्री यांच्यावर जुमा फर्ज नाही. त्यांनी जोहर पढावी. निव्वळ आळसाने लागोपाठ तीन जुमे सोडणाऱ्याच्या दिलावर मोहर लागते, अशी कडक ताकीद हदीसमध्ये आहे. आणि मुसळधार पावसात लोकांना घरीच नमाज पढायला सांगितल्याचेही हदीसमध्येच आहे. कडक ताकीद आणि सवलत, दोन्ही एकाच ठिकाणी.

फरक आहेत, ते झाकण्यात अर्थ नाही. रविवार हा ख्रिस्ती माणसाचा विसाव्याचा दिवसही आहे. उपासनेला आणि विश्रांतीला आड येणारी कामे टाळावीत असे त्यांची संहिता सांगते. जुमा विसाव्याचा दिवस नाही. तास-दीड तासाची हाक आहे, नंतर दुकान उघडा. दुसरा फरक मला जास्त जाणवतो. मिस्सेचे बंधन स्त्री-पुरुषांवर सारखे आहे. माझ्यावर जुमा फर्ज नाही, हे मी सवलत म्हणून मानते. पण 'फर्ज नाही' याचा अर्थ आपल्या गावोगावच्या मशिदींनी 'जागाच नाही' असा करून टाकला. पैगंबरांच्या काळात स्त्रिया मशिदीत जमातीत उभ्या राहत. सवलतीचे रूपांतर मनाईत कसे होते, यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.

नियमांच्या बारकाव्यातही दोन्हीकडचे लोक सारखेच अडकतात. 2023 साली नाताळ सोमवारी आला. 24 डिसेंबरचा रविवार बंधनकारक, 25 चा नाताळही बंधनकारक. मग रविवारी संध्याकाळच्या एकाच मिस्सेत दोन्ही उरकतील का? उत्तर आले : नाही, दोन बंधने, दोन मिस्सा. ती संध्याकाळची मिस्सा रविवारची धरा किंवा नाताळची, दोन्हीची नाही. आपल्याकडे ईद शुक्रवारी आली की असाच प्रश्न उभा राहतो. हनफी म्हणतात, ईदची नमाजही पढा आणि जुमाही. शाफई फिकहनुसार बाहेरगावाहून ईदसाठी आलेले लोक परत जाऊ शकतात. हंबली म्हणतात, ईद पढलेल्याला जुम्याची सूट आहे, जोहर पढावी. बाहेरच्या माणसाला हा काथ्याकूट वाटेल. पण वेळेचा हिशेब ठेवणारा माणूसच असे प्रश्न विचारतो. ज्याला जायचेच नाही, त्याला दोन मिस्सा काय आणि एक काय.

यादी लहान का झाली?

हे सण पूर्वी फार होते. 1642 साली पोप आठवे अर्बन यांनी यादी आटोक्यात आणली, तरी रविवार सोडून तिशीच्या वर सण उरले. 1911 साली पोप दहावे पायस यांनी ते आठांवर आणले. 1917 च्या संहितेत दहा झाले, तेच 1983 मध्ये राहिले. हे कमी करण्यामागे श्रद्धा आटली हे कारण नव्हते. त्या दिवशी काम करायचे नाही म्हटले की हातावर पोट असलेल्याची मजुरी बुडे. शेत, कारखाना, बाजार यांचे वेळापत्रक बदलले. ज्या नियमाने गरिबाच्या चुलीवर गदा येते तो नियम देवाच्या नावाने किती ताणायचा, हा प्रश्न त्यांच्या धर्मगुरूंना सोडवावा लागला. धर्म सोपा आहे, त्याला अवघड करू नका, ही शिकवण आपल्यालाही आहे. मार्च 2020 मध्ये चर्च आणि मशिदी एकदमच बंद झाल्या. बिशपांनी रविवारच्या बंधनातून मोकळीक दिली, आपल्या उलेमांनी घरी जोहर पढायला सांगितले. शेकडो वर्षांचा फर्ज आठवड्याभरात बाजूला ठेवता आला, कारण जीव वाचवणे त्याहून मोठे आहे हे दोन्ही परंपरांच्या आत आधीच लिहिलेले होते.

'कुठे लिहिलंय?'

काही वर्षांपूर्वी एका निवासी शिक्षक-प्रशिक्षणाला मी गेले होते. मध्ये शुक्रवार आला. दीड वाजता मुस्लिम शिक्षकांना कुणी न विचारता सोडले, त्याबद्दल आयोजकांचे आभारच. मग रविवार आला. वसईकडच्या एका शिक्षिकेने सकाळचे दोन तास मागितले, जवळच्या चर्चमध्ये मिस्सेला जाण्यासाठी. अधिकारी हसून म्हणाले, "अहो बाई, तुमचा नाताळ तर डिसेंबरात असतो ना?" तिने रविवारचे सांगितले. तेव्हा ते म्हणाले, "प्रत्येक रविवारी जावंच लागतं असं कुठे लिहिलंय? लेखी दाखवा." शेवटी तिने नाश्ता सोडला, रिक्षा केली आणि निम्म्यातून परत आली.

त्या अधिकाऱ्यांच्या मनात काही वाकडे नव्हते. त्यांच्या डोक्यात धर्म म्हणजे वर्षाचा एक मोठा सण. ज्याचा सण मोठा, मिरवणूक लांब, त्याची सुट्टी खरी. शांतपणे दर आठवड्याला पाळले जाणारे कर्तव्य कॅलेंडरवर लाल रंगात दिसत नाही. त्यातून रविवार सगळ्यांनाच सुट्टीचा, त्यामुळे तो कुणाच्या धर्माचा असेल हे सुचतच नाही. म्हणूनच प्रशिक्षण, परीक्षा, निवडणुकीचे काम सगळे बिनदिक्कत रविवारवर टाकले जाते.

हे बदलू शकते. मिझोरामच्या विधानसभेची मतमोजणी 2023 साली 3 डिसेंबरला, रविवारी ठरली होती. तिथल्या लोकांनी आणि चर्चनी सांगितले, रविवार नको. निवडणूक आयोगाने मोजणी सोमवारी, 4 डिसेंबरला घेतली. काही बिघडले नाही. 2024 च्या लोकसभेला केरळात मतदान शुक्रवारी, 26 एप्रिलला आले, तेव्हा तिथल्या मुस्लिम संघटनांनी तारीख बदलण्याची मागणी केली. ती बदलली नाही, आणि लोकांनी मतदानही केले, जुमाही पढला. दोन्ही उदाहरणे मला महत्त्वाची वाटतात. मागणी करण्यात गैर नाही. ती मान्य झाली नाही म्हणून आभाळ कोसळत नाही, कारण सोय काढण्याची शिकवण धर्मातच आहे. मात्र वेळापत्रक करणाऱ्याने आधी विचारलेले बरे. ही मागणी फार मोठीही नाही. कॅथलिक सहकाऱ्यासाठी रविवारचा एक तास आणि वर्षातले दोन दिवस. मुस्लिम सहकाऱ्यासाठी शुक्रवारची दुपार. एवढे आपल्या शाळांच्या फळ्यावर खडूने लिहून ठेवता येईल.

पण लेखी दाखवा म्हणू नका

त्या अधिकाऱ्यांचा दुसरा प्रश्न मला जास्त बोचतो. 'लेखी दाखवा' हाच प्रश्न आपल्या न्यायालयांतही विचारला जातो. शिरूर मठाच्या 1954 च्या निकालापासून धर्माचा अत्यावश्यक भाग कोणता, हे तपासण्याची पद्धत रुळली. 1958 च्या हनीफ कुरेशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की बकरी ईदला गायीची कुर्बानी बंधनकारक नाही, कारण बकऱ्याचा पर्याय आहे. 15 मार्च 2022 रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने हिजाब हा इस्लामचा अत्यावश्यक भाग नाही असे म्हटले. निकाल बरोबर की चूक यात मी इथे शिरत नाही. मोजपट्टीविषयी बोलते.

हीच मोजपट्टी गुड फ्रायडेला लावून पाहा. मिस्सा नाही, हजेरीचे बंधन नाही. मग सुट्टी कशाला? दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवच्या प्रशासनाने 2019 साली गुड फ्रायडेची सार्वजनिक सुट्टी काढली, तेव्हा प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि सुट्टी परत मिळाली. ख्रिस्ती माणसाला विचाराल तर त्याच्या लेखी वर्षातल्या सर्वात मोठ्या दिवसांपैकी हा एक. नियमाच्या पुस्तकात मात्र 15 ऑगस्ट बंधनकारक आणि हा नाही.

यातून एक गोष्ट कळते. धर्मातले 'बंधनकारक' म्हणजे किमान. शाळेत 35 गुणांना उत्तीर्ण करतात, म्हणून काही 35 गुणांच्या पलीकडे विषय नसतो असे नाही. फर्ज ही आळशी मनासाठी घातलेली खालची रेघ आहे. ती श्रद्धावंताने स्वतःला लावायची, सरकारने त्याच्या भक्तीवर कुंपण म्हणून घालायची नाही. आणि सरकार फक्त फर्जालाच संरक्षण देणार असेल तर लोक काय करतील? प्रत्येक गोष्ट फर्ज आहे असे ओरडून सांगतील. सुन्नत असेल ते फर्ज होईल, रिवाज असेल ते श्रद्धा होईल. धर्म आतून कडक व्हायला बाहेरून मदत होते ती अशी. त्यापेक्षा साधा प्रश्न विचारावा : या माणसाला जाऊ दिले तर कुणाचे नुकसान होते का? होत नसेल तर जाऊ द्या.

कडेगावचे ताबूत, वांद्र्याची माउली

शेवटी थोडे आपल्याविषयी. आमच्या कडेगावचा मोहरम महाराष्ट्रभर माहीत आहे. गगनचुंबी ताबूत उठतात, त्यांच्या भेटी होतात, हिंदू-मुसलमान दोघांचे मान, दोघांचे खांदे. ताबुताला जाणे कुणावरही फर्ज नाही. उलट अनेक उलेमा त्याला स्पष्ट नापसंती दाखवतात. तरी मुंबई-पुण्याला गेलेला कडेगावकर ईदला नाही आला तर चालते, पण मोहरमला आल्याशिवाय राहत नाही. वांद्र्याच्या माउंट मेरीची जत्राही तशीच. 8 सप्टेंबरचा मरियेच्या जन्माचा सण बंधनकारक नाही, तरी त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर सर्व धर्मांचे लोक मेणाच्या मूर्ती-मेणबत्त्या घेऊन टेकडी चढतात. बंधन नसलेल्या दिवशी ही गर्दी, आणि साध्या रविवारी चर्चच्या मागच्या बाकांवर, साध्या फजरला आपल्या मशिदीच्या सफीत किती माणसे असतात ते ज्याचे त्याला ठाऊक.

ताबूत बंद करा असे मी म्हणणार नाही. माणसाला माणसाशी बांधून ठेवणाऱ्या गोष्टी फक्त फर्जाच्या यादीतून येत नाहीत, आणि कडेगावात जे आहे ते यादीने निर्माण करता आले नसते. पण ताबुताच्या वर्गणीवरून भांडणारे आपण जुम्याच्या खुत्ब्यात काय सांगितले हे घरी येऊन सांगू शकत नाही, ही गोष्ट खरी आहे. खुत्बा कळत नाही हे कारण असेल तर त्याचाही विचार करावा. कॅथलिकांची मिस्सा शतकानुशतके लॅटिनमध्ये होती. 1962 ते 1965 च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती लोकभाषेत आली. वसईत ती मराठीत होते. त्याच मराठी उपासनेत वावरलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. भाषा उपासनेच्या दारातून आत आली की समाज भाषेत किती खोल रुजतो, हे आपण त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. आपल्या मशिदींत अरबी खुत्ब्याआधीचे बयान उर्दूत होते. दहा मिनिटे मराठीत बोलले तर मराठी शाळेत शिकलेल्या आपल्या पोरांना निदान कळेल तरी.

बंधनकारक दिवस कोणते, हे दुसऱ्याला विचारावे आणि त्याची वेळ मोकळी ठेवावी. स्वतःला विचारावे आणि ती वेळ पाळावी. दुसऱ्याच्या हजेरीपटावर मात्र आपण सही करू नये. तो पट आपल्याकडे दिलेलाच नाही.